नवीन ठिकाणी राहायला गेल्यावर एजन्सीतून काम शोधताय? आधी काय, मग काय, आणि माणसं नेमकी कुठे चुकतात

घर हलवून दुसऱ्या शहरात किंवा थेट दुसऱ्या देशात गेलेल्या ओळखीतल्या बऱ्याच जणांकडून एकच तक्रार ऐकतोय, की बाबा दहा एजन्सीत नाव नोंदवलं पण एकाचाही फोन नाही. मग नेमकं काय काय केलंस असं विचारलं की कळतं, सगळं केलंय पण उलट्या क्रमाने केलंय. आधी सीव्ही दिसेल तिथे पाठवून टाकला, मग आठवड्याने फोन नंबर बदलला, आणि एकदा कधीतरी फोन आलाच तर रिलीव्हिंग लेटर कुठल्या खोक्यात आहे ते शोधण्यात दोन दिवस गेले, तोपर्यंत त्या जागेवर दुसरा माणूस कामाला लागलेला. म्हणून हे टप्प्याटप्प्याने लिहितोय. क्रम मोडू नका एवढंच सांगणं.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवा. एजन्सीचं गिऱ्हाईक तुम्ही नाही, कंपनी आहे. पैसे कंपनीकडून येतात. रिक्रूटर बिचारा तुमच्यासाठी नोकरी शोधत नसतो, त्याच्या टेबलावर आलेल्या जागेसाठी माणूस शोधत असतो. हे एकदा पटलं की "त्याने मला फोनच केला नाही" हा रुसवा निघून जातो, आणि आपलं काम काय ते स्पष्ट होतं: जागा आली की त्याला पहिलं आपलं नाव आठवलं पाहिजे आणि आपल्याला पाठवण्यात त्याला काही अडचण नसली पाहिजे.

टप्पा १: निघायच्या आधी जुन्या ठिकाणी उरकायची कामं

हा टप्पा ९० टक्के लोक गाळतात असं मला वाटतं (मोजलेलं नाही, अंदाज). सामान बांधायच्या गडबडीत कोणाला आठवतं.

जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर, शेवटच्या काही महिन्यांच्या सॅलरी स्लिप, शिक्षणाची सर्टिफिकेटं, ट्रेडचं लायसन्स असेल तर ते, हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर फोनवरून उघडता येईल असा ठेवा. फाइलला नाव देताना त्यात तुमचं नाव आणि कागद कुठला आहे ते लिहा, "स्कॅन००३४" असल्या फाइली पाठवल्या की रिक्रूटरला त्या परत शोधाव्या लागतात आणि तो शोधत नाही.

सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते बघा. लग्नानंतर बदललेलं आडनाव, कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नुसतं अक्षर, हे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये (कामावर घेताना होणारी तुमच्या माहितीची तपासणी) हमखास अडकतं. फरक असेल तर त्याचा पुरावा देणारा कागद त्याच फोल्डरमध्ये हवा.

रेफरन्स. दोन माणसं तरी, ज्यांच्या हाताखाली तुम्ही खरंच काम केलंय. त्यांना तुमच्या तोंडाने सांगा की फोन येऊ शकतो, कुठल्या कामाबद्दल येईल तेही सांगा. न विचारता नंबर दिला आणि समोरचा "कोण? हां हां, होता वाटतं" असं बोलला की झालं.

देश बदलत असाल तर अजून एक. नर्सिंग, इलेक्ट्रिकल, शिक्षक, जड वाहन चालवणं, अशा कामांना बहुतेक ठिकाणी तिथलं लायसन्स किंवा नोंदणी लागते आणि जुनी पदवी तिथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असं प्रमाणपत्र लागू शकतं. याला वेळ लागतो, एजन्सी हे करून देत नाही, म्हणून अर्ज निघायच्या आधीच टाका.

चेक: फोनवर फोल्डर उघडा. सगळे कागद पाच मिनिटांत कोणाला पाठवता येतायत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: पोचल्यावर आधी नंबर, पत्ता, परवानगी

नवीन ठिकाणचा फोन नंबर आधी घ्या, मगच सीव्ही बाहेर काढा. एजन्सीच्या सिस्टीममध्ये एकदा जुना नंबर गेला की तो तिथेच राहतो, आणि टेंपररी कामांच्या जागा कधीकधी त्याच दिवशी भरायच्या असतात, मेल बघून संध्याकाळी उत्तर द्याल तर उपयोग शून्य. व्हॉइसमेल चालू असेल तर त्यात नाव ऐकू येतंय ना तेही बघून घ्या.

पत्ता तात्पुरता असला तरी चालतो, पण शहर नवीन दिसलं पाहिजे. रिक्रूटर डेटाबेसमध्ये ठिकाणावरून गाळणी लावतो, तुमच्या सीव्हीवर जुनं शहर असेल तर तुम्ही त्या यादीत येतच नाही. अजून पोचला नसाल तर "अमुक तारखेपासून इथे राहायला" असं सीव्हीच्या डोक्यावरच लिहा. नुसतं "रिलोकेट व्हायला तयार" लिहिणाऱ्यांवर कोणी विसंबून राहत नाही, कारण असे बरेच जण ऐनवेळी येत नाहीत.

दुसऱ्या देशात गेला असाल तर व्हिसाची अट नीट वाचा, आणि शंका असेल तर वकिलाकडून किंवा सरकारी कार्यालयातून खात्री करा, एजन्सीतल्या माणसाच्या तोंडी शब्दावर नको. कारण काही परमिट एकाच मालकाशी बांधलेले असतात, आणि टेंपररी स्टाफिंगमध्ये (एजन्सी तुम्हाला तात्पुरत्या कामाला दुसऱ्या कंपनीत पाठवते ते) कायद्याने तुमचा मालक बहुतेक वेळा एजन्सी असते, जिथे बसून काम करता ती कंपनी नसते. विद्यार्थी व्हिसावर तासांची मर्यादा असू शकते. यात चूक झाली तर नुकसान तुमचं.

टप्पा ३: कुठल्या प्रकारची एजन्सी, हे आधी ठरवा

सगळ्यांना आपण सरसकट "कन्सल्टन्सी" म्हणतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. आतमध्ये यांचे धंदे वेगवेगळे आहेत.

पहिली म्हणजे टेंपररी किंवा कॉन्ट्रॅक्ट स्टाफिंग. इथे तुम्ही एजन्सीच्या पेरोलवर असता, म्हणजे पगार एजन्सी देते, आणि काम क्लायंटकडे, म्हणजे एजन्सीकडून माणूस मागवणाऱ्या कंपनीत करता. क्लायंट एजन्सीला तासाचा किंवा महिन्याचा एक रेट देतो, त्यातून तुमचा पगार, पगारावर मालकाने भरायचे टॅक्स आणि इन्शुरन्स, एजन्सीचा खर्च आणि नफा हे सगळं निघतं. नवीन ठिकाणी कोणी ओळखत नसताना पाय रोवायला हा प्रकार सगळ्यात सोपा, कारण क्लायंटलाही धोका कमी वाटतो.

दुसरी म्हणजे परमनंट प्लेसमेंट. एजन्सी फक्त गाठ घालून देते, नोकरी थेट कंपनीत. तुम्ही जॉइन झालात की कंपनी एजन्सीला फी देते, ती साधारण तुमच्या पहिल्या वर्षाच्या पगाराचा काही टक्के भाग असते. आणि बहुतेक करारांत अशी अट असते की माणूस ठरावीक काळाच्या आत सोडून गेला तर एजन्सीने फुकट दुसरा माणूस द्यायचा किंवा फी परत करायची. जॉइन झाल्यावर रिक्रूटर अचानक गोड बोलून खुशाली विचारायला लागतो ना, त्याचं कारण हे.

तिसरी मधली, आधी टेंपररी आणि जमलं तर परमनंट. यात एजन्सी आणि कंपनीमध्ये आधीच ठरलेलं असतं की इतके महिने किंवा इतके तास झाल्यावर कंपनी माणूस स्वतःकडे घेऊ शकते, त्याआधी घेतला तर वेगळी फी. ही अट तुम्हाला माहीत असायला हवी, पुढे टप्पा ८ मध्ये परत येईल.

आणि एक चौथा प्रकार जो एजन्सी नाहीच: तुमच्याकडून पैसे घेऊन "आम्ही तुमचा प्रोफाइल मार्केट करतो" म्हणणारे. सीव्ही लिहून देणं, इंटरव्ह्यूची तयारी करून घेणं ही खरी सेवा असू शकते, पण यांच्याकडे जागा नसतात. यांना स्टाफिंग एजन्सी समजून पैसे भरू नका.

माझं मत विचाराल तर पोचल्यावर पहिल्या महिन्यात एक टेंपररी स्टाफिंगवाली, एक तुमच्या क्षेत्रातलीच खास (अकाउंट्स, हॉस्पिटल, आयटी, गोदाम जे असेल ते) आणि फार तर अजून एक. तीनच्या वर गेलात की कोणाला काय सांगितलं तेच लक्षात राहत नाही.

टप्पा ४: एजन्सी खरी आहे का

या टप्प्यावर जरा रेंगाळा. नवीन ठिकाणी आलेला माणूस ठगांना लांबून ओळखू येतो, घाईत असतो, नियम माहीत नसतात, आणि कोणाला विचारायला ओळखही नसते.

• जिथे एजन्सीला लायसन्स लागतं तिथे ते लायसन्स सरकारच्या यादीत तुम्ही स्वतः शोधा. त्यांनी पाठवलेला फोटो म्हणजे पुरावा नव्हे.
• मेल कंपनीच्या डोमेनवरून येतो का फुकटच्या अकाउंटवरून? डोमेनचं एक एक अक्षर वाचा, एखादं अक्षर बदलून हुबेहूब नाव करतात.
• ऑफिसचा पत्ता नकाशावर बघा, जमलं तर जाऊन या.
• मोठ्या कंपनीच्या नावाने जागा असेल तर त्या कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर काढून विचारा की ही एजन्सी तुमच्यासाठी माणसं घेते का.

पैशांबद्दल सरळ नियम ठेवा: काम मिळवून देण्यासाठी तुमच्याकडून फी मागितली की उठून यायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ नंबरचा करार आहे, त्याच्या ७ व्या कलमात हेच म्हटलंय की खासगी एजन्सीने कामगाराकडून थेट किंवा आडून, पूर्ण किंवा थोडीही फी घेऊ नये. काही प्रकारांसाठी सूट ठेवता येते आणि सगळ्याच देशांनी तो करार स्वीकारलेला नाही, काही देशांत ठरावीक मर्यादेपर्यंत फी कायदेशीर आहे, तेव्हा तुम्ही जिथे आहात तिथला नियम बघा. पण रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग किट, रिफंडेबल डिपॉझिट, व्हेरिफिकेशन चार्ज अशी नावं बदलून मागतात तेव्हा "आडून" या शब्दाची आठवण ठेवा.

सावधान: ओरिजिनल पासपोर्ट किंवा ओरिजिनल सर्टिफिकेट कोणाकडेही ठेवायला द्यायचं नाही. दाखवा, त्यांच्यासमोर कॉपी काढू द्या, परत घ्या. ओळखपत्र अडकवून ठेवणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तमजुरी ओळखायच्या खुणांमध्ये धरलेलं आहे, म्हणजे ही साधी ऑफिसची पद्धत वगैरे नाही.

बँक डिटेल पेरोलवर घेताना लागतात हे खरं, पण ऑफर हातात आल्यावर. ओटीपी तर कधीच नाही.

टप्पा ५: सीव्ही, एजन्सीसाठी वेगळा

दोन कॉलम, फोटो, टक्केवारीचे रंगीत पट्टे असलेला सीव्ही दिसायला छान पण एजन्सीच्या सॉफ्टवेअरला वाचताना त्याचा चुथडा होतो. साधा, एका कॉलमचा, वर्ड फाइलमध्ये ठेवा, पीडीएफसुद्धा जवळ असू द्या. वर्ड का मागतात? क्लायंटला पाठवताना ते तुमचा नंबर आणि मेल काढून वर स्वतःचं नाव टाकतात, कंपनीने परस्पर तुम्हाला गाठू नये म्हणून. हे नॉर्मल आहे, घाबरू नका. पण मजकूर बदलणार असाल तर मला दाखवून बदला, हे आधी सांगून ठेवा, कारण काही महाभाग तुम्हाला न येणारं सॉफ्टवेअरही त्यात घुसडतात आणि इंटरव्ह्यूत तोंडघशी तुम्ही पडता.

जुन्या गावातल्या कंपन्यांची नावं इथे कोणी ऐकलेली नसतात. म्हणून प्रत्येक कंपनीच्या नावाखाली एक ओळ: काय धंदा, किती माणसं, तुमच्या हाताखाली किती. आणि हुद्द्याचं नाव इथे चालतं ते वापरा, इथल्या जाहिराती वाचल्या की कळतं. मधे घर हलवण्यात तीन-चार महिने गेले असतील तर ते तसं लिहा, लपवलेली गॅप जास्त डोळ्यात भरते.

टप्पा ६: नाव नोंदवणं आणि पहिली भेट

ऑनलाइन फॉर्म भरून थांबू नका, फॉर्म भरल्यावर फोन करा आणि तुमच्या प्रकारची कामं कोण बघतं ते विचारून त्या माणसाशी बोला. रिक्रूटरशी पहिलं बोलणं हाच इंटरव्ह्यू असतो. तिथे टायपिंगची, एक्सेलची किंवा मशीनची टेस्ट असू शकते, ती "नुसती फॉर्मॅलिटी" म्हणून घेऊ नका, स्कोअर तुमच्या नावापुढे कायम राहतो.

तिथे पाच गोष्टी न अडखळता सांगता आल्या पाहिजेत: कधीपासून येऊ शकता, कुठल्या शिफ्ट चालतील, किती लांब जाऊ शकता आणि कशाने, कमीत कमी किती पैसे, आणि काय अजिबात नको. यात खोटं बोलू नका. "काहीही चालेल" म्हणणाऱ्याला रात्रपाळीचा फोन येतो, तो नाही म्हणतो, आणि मग पुन्हा फोन येत नाही. प्रवासाचा वेळ तर एकदा स्वतः जाऊन मोजा, नवीन शहरात नकाशावर जवळ दिसणारं ठिकाण दोन बस बदलून दीड तासावर निघतं.

चेक: भेटीनंतर त्याच दिवशी छोटा मेल, त्यात त्या पाच गोष्टी परत. पुढे "तुम्हीच म्हणाला होतात" हा वाद झाला तर कामाला येतो. मग आठवड्यातून एकदा फोन किंवा मेसेज, "या आठवड्यात मोकळा आहे" एवढाच. रोज नको.

टप्पा ७: सीव्ही कुठे जातोय याची वही

यात मी स्वतः फसलोय. दोन एजन्सींनी माझा सीव्ही एकाच कंपनीला पाठवला, दोघांपैकी कोणी मला विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. कंपनीला उद्या फी कोणाला द्यायची हा वाद नको असतो म्हणून अशा वेळी सरळ उमेदवारच बाजूला काढतात. मला कळलं ते महिन्याने, तेही चुकून.

तेव्हापासून पद्धत अशी: प्रत्येक एजन्सीला लेखी सांगायचं की क्लायंटचं नाव सांगून माझा होकार घेतल्याशिवाय सीव्ही पाठवायचा नाही. आणि एक वही किंवा शीट, त्यात तारीख, एजन्सी, क्लायंट, हुद्दा, ठरलेला रेट. स्वतःहून थेट अर्ज केलेल्या कंपन्याही त्यातच, कारण तो पण डबल धरला जातो, आणि एजन्सीने एकदा तुमचं नाव पाठवलं की काही महिने त्या कंपनीपुरते तुम्ही "त्यांचे" उमेदवार धरले जाता.

नाव सांगायलाच तयार नसेल तर? सुरुवातीच्या फोनवर काहीजण सांगत नाहीत, ठीक आहे, पण पाठवायच्या क्षणी सांगायलाच पाहिजे. नाही सांगितलं तर होकार नाही.

रेटही पाठवायच्या आधीच ठरवा. एकदा क्लायंटला आकडा गेला की नंतर वाढवून मागणं फार कठीण, कारण एजन्सीने त्यावर स्वतःचा हिशोब लावलेला असतो.

टप्पा ८: ऑफर आली, सही करायच्या आधी

खुशीत सही करू नका, एक रात्र मागा. बघायचं ते असं. कागदावर मालक कोण लिहिलंय? आकडा कापून हातात येणारा आहे का कापायच्या आधीचा? पगार आठवड्याने का महिन्याने, आणि टाइमशीट (केलेल्या तासांची नोंद) कुठल्या दिवशी, किती वाजता बंद होते? ओव्हरटाइमचा रेट काय? काम नसेल त्या दिवशी काय? सुट्ट्या, आजारपण, आणि कामावर लागलं-खुपलं तर इन्शुरन्स कोणाचा? किती दिवसांच्या नोटिसवर ते काढू शकतात आणि तुम्ही सोडू शकता?

क्लायंटच्या परमनंट माणसांएवढा पगार मिळायचा हक्क आहे का तेही विचारा, हे देशागणिक बदलतं. युरोपियन युनियनच्या २००८ च्या नियमात टेंपररी माणसाला पगार आणि कामाचे तास थेट घेतलेल्या माणसासारखेच हे तत्त्व आहे, ब्रिटनमध्ये पगाराच्या बाबतीत ते १२ आठवडे झाल्यावर लागू होतं, आणि बऱ्याच ठिकाणी असं काहीच नाही.

मग ती परमनंट होण्याची अट. क्लायंटने थेट घेतलं तर चालतं का, किती महिन्यांनी, आणि तुमच्यावर काही बंधन आहे का. "सोडल्यास इतके पैसे भरावे लागतील" अशी ओळ दिसली तर तिथेच थांबा आणि कोणा जाणकाराला दाखवा.

सावधान: फोनवर सांगितलेलं कागदावर नसेल तर ते नाहीच असं समजा. "ते आपण बघून घेऊ" हे उत्तर धरू नका, मेलवर लिहून मागा.

टप्पा ९: कामावर लागल्यावर

दोन साहेब असतात हे विसरू नका. रोजचं काम क्लायंटचा सुपरवायझर सांगतो, पगार, रजा, तक्रार एजन्सीकडे. आजारी पडलात तर दोघांनाही कळवा, एकालाच कळवलं तर दुसऱ्याकडे तुम्ही न सांगता गैरहजर. पगाराची बोलणी क्लायंटच्या साहेबाशी काढू नका, त्याच्या हातात ते नसतं आणि त्याला अवघड होतं.

टाइमशीटवर सही झाली की फोटो काढून ठेवा, दर आठवड्याला, न चुकता. पहिला पगार आला की तास आणि रेट जुळवून बघा. चूक असेल तर पहिल्याच वेळी बोला, तीन महिन्यांनी बोललात तर निस्तरायला फार त्रास होतो.

काम बदललं, म्हणजे डेटा एन्ट्रीला घेतलं आणि गोदामात मशीन चालवायला लावलं, तर त्याच दिवशी एजन्सीला लेखी कळवा. रेट आणि इन्शुरन्स ठरलेल्या कामाला धरून असतात, उद्या काही झालं तर अडकाल.

आणि सुपरवायझर हळूच म्हणाला की एजन्सी सोड, थेट ये, तर आनंद मनातच ठेवा आणि टप्पा ८ मधला कागद उघडा. मुदत झालेली नसेल तर तो विषय कंपनीने एजन्सीशी काढायचा असतो, तुम्ही परस्पर राजीनामा टाकलात तर दोन्हीकडून लटकाल.

टप्पा १०: असाइनमेंट (क्लायंटकडचं ठरलेलं काम) संपत आली की

शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. दोन-तीन आठवडे आधी रिक्रूटरला सांगा की अमुक तारखेला मोकळा होतोय, आणि बाकीच्या दोन एजन्सींनाही. अर्धवट सोडायचं असेल तर नोटिस पाळा, न सांगता गेलेल्या माणसापुढे सिस्टीममध्ये शेरा पडतो आणि एका एजन्सीच्या सगळ्या शाखांना तो दिसू शकतो.

निघताना एजन्सीकडून एक्सपिरियन्स लेटर घ्या, त्यात क्लायंटचं नाव येतं का विचारा, काही करारांत ते लिहायला मनाई असते. क्लायंटच्या सुपरवायझरला रेफरन्स देणार का तेही तोंडावर विचारा, नवीन शहरातला तुमचा पहिला रेफरन्स हाच.

सीव्हीत मात्र तीन महिन्यांची चार कामं चार वेगळ्या नोकऱ्या म्हणून लिहू नका, सारखा नोकऱ्या बदलणारा माणूस वाटतो. वर एजन्सीचं नाव आणि एकूण काळ, खाली कुठे कुठे काय केलं त्याच्या ओळी. हा नवीन सीव्ही तिन्ही एजन्सींना पाठवा आणि जुना काढून टाकायला सांगा, नाहीतर पुढच्या क्लायंटकडे परत तोच जुन्या शहराचा पत्ता असलेला सीव्ही जातो.